अठरा पातेली

आमच्या आत्तींचा मोबाईलवर काडीचा विश्वास नव्हता आणि माझा त्यांच्या आठवणीवर नव्हता, त्यामुळं आमचं दोघींचं तसं बरोबरीचं चाललं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, शालूबाई. बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीत देवळाच्या मागं गावाच्या भांड्यांची खोली आहे, तिची चावी एकोणीस वर्षं त्यांच्या कमरेला आहे. लग्न असो, बारसं असो, जावळ असो की तेरावं, गावात कुणालाही मोठी भांडी लागली की तो आधी आमच्या दारात येतो. आत्ती हातातलं काम टाकून उठतात, खोली उघडतात, भांडी मोजून देतात आणि मोजून घेतात. पगार नाही. वर्षातून एकदा देवस्थानच्या पंचांकडून नारळ आणि खण मिळतो. तेवढ्यावर बाई इतकी खूश, की लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची कीव यायची. पुढं राग यायला लागला.

ही भांडी गावानं विकत घेतलेली नाहीत, लोकांनी दिलेली आहेत. कुणाचे वडील गेले, कुणाची आई गेली, की घरचे एक भांडं गावाला देतात आणि त्याच्या काठावर ठोकून नाव घालून घेतात. परातीवर कुणाचे तरी आजोबा, कढईवर कुणाची तरी आत्या. त्यात अठरा मोठी पितळी पातेली आहेत, एकेकात पन्नास माणसांचा भात व्हावा अशी. अठरा काठांवर अठरा माणसं.

जानेवारीत जयाबाई आमच्या दारात आल्या. समोरच्या गल्लीत राहतात. त्यांच्या महादेवचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. त्यांच्या घरात हळदीच्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करतात आणि ती जयाबाईंच्या सासूच्या, अक्काताईंच्या नावाच्या पातेल्यातच शिजते. अक्काताई माळकरी होत्या. या पातेल्यात कधी मटण शिजवायचं नाही, या अटीवर घरच्यांनी ते गावाला दिलं होतं. जयाबाईंना म्हणे नुसतं एकदा बघून यायचं होतं. आत्तींनी खोली उघडून दिली. जयाबाईंनी मांडणीवरच्या एकेका पातेल्याचा काठ वाचला आणि अक्काताई काही सापडल्या नाहीत. भांडण त्यांनी केलं नाही. सरळ जाऊन नागोजी आप्पांना सांगितलं, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

नागोजी आप्पा पंचांचे अध्यक्ष. लष्करातून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळं गावाकडं ते अजून पलटणीसारखंच बघतात. येत्या रविवारी सगळी भांडी मोजायची, एक जरी कमी भरलं तरी चावी पंचांच्या कपाटात जाईल, असा त्यांनी निरोप धाडला. आत्ती हो म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. पण त्या दिवशी त्यांच्या दोन भाकरी करपल्या. एकोणीस वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं असं म्हणणार होते, पण माझं लग्न होऊन आठच वर्षं झालीत.

मला काळजी वाटली आणि काळजी वाटली की मला चेव येतो. मी जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, बेअरिंग, वायसर. किती आले, किती गेले, किती उरले. तिथला सगळा हिशेब कॉम्प्युटरवर चालतो. ते बघून बघून मला हौस आली, बेळगावात एका क्लासला जाऊन वेब ॲप करायचं थोडंफार शिकलेही होते. मनात म्हटलं, आत्तींची चावी वाचवायची तर आठवण नको, पुरावा पाहिजे. कारखान्यातून आले की जेवणाच्या आधी दोन तास बसायचं, असं चार दिवसांत मी ते ॲप उभं केलं.

डेटाबेस म्हणजे काही जादू नसते. नीट आखलेल्या वह्याच त्या. एका वहीत भांड्याचा प्रकार आणि संख्या: पातेली अठरा, कढया सात, पराती बारा, झारे नऊ. दुसऱ्या वहीत कुणी नेलं, किती नेलं, कधी आणलं. वर एक साधं पान, त्यावर दोन ठळक बटणं, ‘दिलं’ आणि ‘आलं’. बटण दाबलं की एका वहीतला आकडा कमी होतो, दुसरं दाबलं की वाढतो. आत्तींच्या मोबाईलवर उघडेल असं केलं, अक्षरं चांगली टपोरी ठेवली. तयार झाल्यावर मी इतकी फुगले होते, की नवऱ्याला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तो जांभई देत छान आहे म्हणाला.

आत्तींनी मात्र मोबाईल लांब धरून नीट बघितलं आणि विचारलं,

“ह्यात नावं कुठं हाईत गं?”

नेणाऱ्याचं नाव आहे की, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तसं नव्हे, भांड्यांची नावं. मी हसले. भांड्याला कशाला नाव पाहिजे, पातेलं म्हणजे पातेलं, असं म्हणून त्यांना उडवून लावलं. आत्ती गप्प बसल्या. समोरचा माणूस गप्प बसला की मी जिंकले, असं मी समजते. हे माझं जुनं दुखणं आहे.

रविवारी सकाळी पंच जमले. नागोजी आप्पांनी चष्मा चढवला, खोलीत शिरले आणि काठीनं एकेका भांड्याच्या बुडावर टकटक करत मोजत गेले. मी बाहेर मोबाईल घेऊन उभी. कढया सात, माझ्याकडं सात. पराती बारा, माझ्याकडं बारा. राहिली पातेली. मांडणीवर सतरा भरली. मग कोपऱ्यात, रिकाम्या पोत्यांच्या खाली, एक पालथं घातलेलं सापडलं. अठरा. मोबाईलवरही अठरा. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि असं कॉम्प्युटरचं काम गावात पहिल्यांदाच झालं म्हणून चार चांगले शब्द बोलले. मग जयाबाईंकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, की भांडं कुठं गेलेलं नाही, आकडा बरोबर आहे. राखेनं घासून घासून नाव पुसलं असणार, माणसाचंही तसंच होतं. जयाबाई खाली बघत राहिल्या. त्यांच्या बाजूनं बोलायला एकही आकडा नव्हता.

तेवढ्यात आत्ती आत गेल्या. कोपऱ्यातलं ते पालथं पातेलं दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणलं आणि पंचांच्या पुढं उताणं ठेवलं.

“अठरा हाईत आप्पा,” त्या म्हणाल्या, “पर त्यातलं एक आमचं न्हाय.”

पातेलं अगदी आमच्यासारखं. तोच घाट, तेच वजन, कानही तसेच. फक्त काठावरचं नाव कानडी अक्षरांत होतं. आत्ती बाजारात कानडी पाण्यासारखं बोलतात, पण शाळा त्यांची मराठी चौथीपर्यंतची. कानडी अक्षर त्यांना लागत नाही. मी वाचलं. ‘कैलासवासी पार्श्वनाथ यांच्या स्मरणार्थ’, आणि खाली तेवीस नंबर. आडनाव नाही, गाव नाही. निपाणी-चिकोडीकडं तर गल्लीगल्लीत एक पार्श्वनाथ सापडेल.

मग सगळं बाहेर आलं. डिसेंबरात दत्तजयंतीला भांडी घासताना हे परकं पातेलं आत्तींच्या हाताला लागलं होतं. त्याच क्षणी त्यांना कळलं, की ह्याच्या बदल्यात आपलं कुठलं तरी गेलंय, आणि कुठलं ते कळायला त्यांना मांडणी बघावीही लागली नाही. कुणाला सांगायची लाज वाटली. ज्याचं आहे तो शोधत येईल, म्हणून त्यांनी ते पालथं घालून ठेवलं आणि दीड महिना वाट बघितली. कुणी आलं नाही.

नागोजी आप्पांना आता काय करावं सुचेना. बाई खोटं बोलली म्हणावं तर खरंही तिनंच सांगितलं होतं. शेवटी त्यांनी ठरवलं, महादेवच्या हळदीला पंधरा दिवस आहेत. तोवर अक्काताईंचं पातेलं आलं तर ठीक, नाही तर चावी कपाटात.

घरी आल्यावर मी आत्तींवर असा आवाज चढवला, की शेजारच्या कोंबड्यासुद्धा परसात पळाल्या. चार दिवस डोळे फोडून मी त्यांना वाचवलं होतं. सगळं मिटलं होतं. दोन मिनिटं तोंड मिटून उभं राहायचं होतं, तेही जमलं नाही. आत्तींनी मला सगळं बोलू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढं केला.

“मी सुटले असते गं,” त्या म्हणाल्या. “पर जयाबाई कुणाकडं गेली असती? अठरा म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार हुतं?”

मी पाणी प्याले. तांब्या आपटून ठेवला आणि त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एक माणूस खिडकीवर आला आणि बारा नंबरचे चाळीस बोल्ट मागितले. मी खोक्यातून मूठमूठ काढून मोजून दिले. कुठले दिले, कुठले राहिले, मी बघितलं नाही, त्यानंही बघितलं नाही. आणि तिथंच, हातात बोल्ट घेऊन, मला माझी चूक दिसली. एक बोल्ट गेला तर दुसरा त्याची जागा घेतो. माझा तो बोल्ट कुठाय, असं विचारत कुणी रडत येत नाही. मी गावाची भांडी बोल्टांसारखी मोजली होती. आत्तींनी पहिल्याच दिवशी चूक दाखवली होती आणि मी हसले होते. माझ्या अख्ख्या वहीत अक्काताईंना बसायला जागाच नव्हती.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते ‘संख्या’ हा रकाना काढून टाकला. आता प्रत्येक भांड्याला स्वतःची एक ओळ: नंबर, काठावरचं नाव, कुणी दिलं, कधी दिलं, फोटो. आणि प्रत्येक वेळी बाहेर गेलं की त्याची वेगळी नोंद. किती आहेत हे मशीननं ओळी मोजून सांगायचं, आपण आधी लिहून ठेवायचं नाही. आत्तींना मी सांगितलं, रविवारी खोलीत बसू, तुम्ही बोला, मी लिहिते. माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी मात्र ती मिळाल्यासारखा चहा केला, आलं घालून.

त्या रविवारी जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आत्ती एकेक भांडं मांडीवर घेत, काठावरून बोट फिरवत, आणि बोलायला लागत. दारातून येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबल्या, मग बसल्या, मग त्यांनीही तोंड उघडलं. ह्या परातीत म्हणे सगळ्या गल्लीच्या पोरांच्या बारशाच्या घुगऱ्या झाल्या. ह्या कढईवर मुलानं बापाचं नाव बारीक आणि स्वतःचं मोठं घालून घेतलंय, हे बघून सगळ्या इतक्या हसल्या की देवळातले पुजारी डोकावून गेले. मला एक रकाना वाढवावा लागला, ‘अट’. ह्यात आंबट करायचं नाही, कल्हई जाते. ह्याचा एक कान ढिला आहे, भरल्यावर खालून धरायचं. पातेलं नंबर सात, कै. अक्काताई, मटणाला चालत नाही. दुपारपर्यंत माझे हात भरून आले आणि मन मात्र हलकं झालं होतं.

मग मागच्या नोंदी भरायला घेतल्या. नंबर सात शेवटचं कधी बघितलं, मी विचारलं. तुळशीच्या लग्नाला, आत्ती म्हणाल्या, देवळात हुग्गी केली तेव्हा. कानडी पातेलं पहिल्यांदा दिसलं दत्तजयंतीला. या दोन तारखांच्या मध्ये पातेली कुठंकुठं गेली ते त्या सांगत गेल्या, मी ओळी टाकत गेले, आणि शेवटी नंबर सात शोधायला लावलं. मोबाईलवर तीनच ओळी आल्या. गावातलं एक बारसं, सांबऱ्याचा एक साखरपुडा आणि हायवेवरच्या मंगल कार्यालयात झालेलं भावकूच्या मुलीचं लग्न.

तीन ओळी समोर आल्यावर आत्तींना दुसरं काही विचारावं लागलं नाही. भावकूचं लग्न सकाळी होतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याच कार्यालयात दुसरं. आमची भांडी घासायला निघाली आणि त्यांची उतरायला लागली. मागं नळ एकच, घासणाऱ्या बाया दोन्हीकडच्या. मोजून दिली होती अकरा, मोजून आली अकरा.

कार्यालयाच्या मॅनेजरनं रजिस्टर बघून दुसऱ्या घरचा नंबर दिला. निपाणीच्या अलीकडचं एक गाव. फोन अभिनंदन नावाच्या माणसानं उचलला. भांडी त्यांच्या जैन बस्तीची होती, म्हणजे देवळाची. चावी त्याच्या आत्याकडं असते आणि यादी त्याच्याकडं, कॉम्प्युटरवर. तो मोठ्या अदबीनं म्हणाला, की आमचं काही गेलेलं नाही ताई, एक्केचाळीस नग होते, एक्केचाळीस आहेत. मला हसू आवरेना. हे भाषण मी कुठं तरी ऐकलं होतं, बहुतेक स्वतःच्याच तोंडून. मी म्हटलं, दादा, आकडा ठेवा बाजूला, तेवढी नावं वाचून बघा. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला, आवाज बदललेला. आत्या म्हणते, आमचं पातेलं घेऊन तुम्ही या.

हळदीला चार दिवस राहिले होते. मी रजा टाकली. आत्तींनी ते पातेलं घासून लख्ख केलं, तोंडाला धुतलेला पंचा बांधला आणि आम्ही दोघींनी कान धरून ते रिक्षात आणि तिथून निपाणीच्या बशीत चढवलं. पितळ इतकं जड असतं, हे मला ठाऊक नव्हतं. कर्नाटकच्या सरकारी बशीत बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. पण कंडक्टर पातेल्यापाशी अडला. बायका फुकट, भांड्याचं लगेज पडेल म्हणाला. आत्ती त्याला म्हणाल्या, हे भांडं देवळाचं आहे बाबा, पण त्याचं आधार कार्ड नाही. तो हसला आणि तिकीट मात्र फाडलं.

बस काकतीच्या पुढं गेल्यावर माझ्या मनात इतके दिवस कुरतडणारी गोष्ट मी बाहेर काढली. दत्तजयंतीनंतर गावात दोन जावळं झाली होती, दोन्हीकडं मटण. जैनांच्या देवळातलं पातेलं. आत्तींच्या हातून तसलं काही झालं असेल तर तिथं जाऊन काय तोंडानं उभं राहायचं? आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी विचारायलाच नको होतं. परक्याच्या भांड्यात आपण कसं शिजवायचं, त्या म्हणाल्या. त्यांना काय चालतं, काय चालत नाही, आपल्याला काय ठाऊक. म्हणूनच तर पालथं घातलं होतं.

मला इतकं बरं वाटलं, की मी पातेल्यावर हात टेकवला. आतून घट्ट लागलं. आत काय आहे, मी विचारलं. भांडं रिकामं परत देत नाहीत, एवढं पण कळत नाही का, आत्ती म्हणाल्या आणि कौतुकानं पंचा जरा सोडून दाखवला. आपल्या शेतातली, ताजी, लालभडक रताळी. काठोकाठ.

मी कपाळाला हात लावला. “आत्ती, जैन लोक जमिनीतले कंद खात नाहीत.”

आत्तींचा चेहरा उतरला. दीड महिना ज्या भांड्याला त्यांनी कशाचा स्पर्श होऊ दिला नव्हता, ते स्वतःच्या हातानं रताळ्यांनी भरून आणलं होतं. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. खिडकीतून टाकायची तर शेतकऱ्याची बाई अन्न टाकत नाही. मग त्यांनी पदर खोचला आणि पुढच्या सीटवरच्या बाईला विचारलं, शिवरात्र जवळ आली, उपासाला रताळी नेतेस का? संकेश्वर येईपर्यंत आख्ख्या बसमध्ये रताळी वाटून झाली. लगेज फाडणाऱ्या कंडक्टरला पण चार मिळाली. निपाणीत उतरून आम्ही नळावर पातेलं दोनदा धुतलं, बाजारातून गुळाची ढेप आणि पाच नारळ घेऊन आत ठेवले. झालं, मिटलं, मी मनात म्हटलं.

राजमती आक्का बस्तीच्या ओसरीवर वाट बघत होत्या. सत्तरीच्या, बारीक, पांढऱ्या साडीतल्या, कमरेला चावी. त्यांनी आधी कानडीत विचारपूस केली, आत्तींनी कानडीतच उत्तर दिलं, मग दोघी मराठीवर आल्या. अभिनंदन खुर्च्या मांडत होता. राजमती आक्का पातेल्यापाशी बसल्या, काठावरच्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं. पार्श्वनाथ त्यांचे मालक.

“ह्यात काय शिजवलासा?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण अभिनंदन हातातली खुर्ची घेऊन तसाच उभा राहिला.

“शिजवलं काय न्हाय,” आत्ती म्हणाल्या. “पालथं घालून ठेवलंतं. पर आज बशीत यीस्तवर रताळी भरलीती. मला कळलं न्हाय. वाटून टाकली, धुतलं दोनदा. सांगितलं नसतं तर चाललं असतं, पर तुमाला म्हाईत पाहिजे.”

मी डोळे मिटून घेतले. या बाईला सुटका होत असताना गप्प बसणं या जन्मात जमणार नाही, याची माझी खात्री पटली. राजमती आक्कांनी पातेल्यात डोकावून बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि बघता बघता त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“अख्ख्या बशीत वाटलासा?” त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून उठल्या. “धुवून घेऊ की. सांगितलासा, लई झालं. आता तुमचं बघा.”

त्यांनी भांड्यांची खोली उघडली. आत एक्केचाळिसातली चाळीस मांडणीवर ओळीनं. आणि कोपऱ्यात, वेगळ्या पाटावर, स्वच्छ फडक्याखाली, एक पातेलं पालथं. त्यांनी ते उताणं केलं. अक्काताई.

कार्यालयातल्या त्या लग्नानंतर त्यांनीही ते कुणाला दिलं नव्हतं. परक्याचं, कसं वापरायचं, हे त्यांनी आत्तींच्याच शब्दांत सांगितलं. ज्याचं आहे तो शोधत येईल, म्हणून त्याही वाट बघत होत्या. आणि कुणीच कुणाकडं गेलं नव्हतं, कारण इकडं अठरा बरोबर होती आणि तिकडं एक्केचाळीस. अभिनंदन माझ्याकडं बघून ओशाळं हसला. मीही हसले. आम्ही दोघं एकाच शाळेचे निघालो. निघताना राजमती आक्कांनी अक्काताईंच्या पातेल्यात भाजलेले हरभरे भरले, वर खोबऱ्याच्या वाट्या ठेवल्या आणि आत्तींचे हात हातात घेतले. परतताना आत्ती पातेल्याला टेकून बेळगावपर्यंत गाढ झोपल्या.

हळदीच्या दिवशी सकाळी पंच देवळात जमले. अक्काताईंचं पातेलं मध्ये ठेवलं होतं. जयाबाई त्याच्याजवळ जमिनीवर बसून काठ पुन्हा पुन्हा पुसत होत्या, पुसण्यासारखं काही नसताना. मी नवं ॲप दाखवलं: प्रत्येक भांडं, त्याचा फोटो, त्याचं नाव, त्याची अट, कुठं गेलं, कधी आलं. नागोजी आप्पा खरंच भारावले. इतके, की उभे राहिले आणि म्हणाले, आता सगळं मोबाईलमध्ये आहे म्हटल्यावर शालूबाईंना या वयात कशाला त्रास द्यायचा. चावी पंचांच्या कपाटात ठेवू, ज्याला लागेल तो नोंद करून नेईल.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आत्तींनी कमरेची चावी सोडली आणि पातेल्याशेजारी ठेवली. एकोणीस वर्षं ती चावी जिथं लोंबत होती, तिथं लुगड्यावर एक फिकट डाग पडला होता, तो मला पहिल्यांदा दिसला. चावी वाचवायला मी जे केलं, त्यानंच ती गेली. एरवी सुरीसारखी चालणारी माझी जीभ जागची हलेना.

बोलल्या त्या जयाबाई. खाली बसल्याबसल्याच.

“आप्पा, ह्या मोबाईलनं त्या दिवशी काय सांगितलंतं? अठरा बरोबर. तुमी बी म्हणालासा, अठरा बरोबर. मी एकटी खोटी पडलेते. ह्या बाईनं तिची चावी जाईल हे ठाऊक असून भांडं उताणं केलं. मोबाईलात जे लिहाल ते ऱ्हाईल. पर न्हाय म्हणायला माणूस पाहिजे की.”

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. सुभेदारांनी मग वाकून चावी उचलली आणि दोन्ही हातांनी आत्तींच्या पुढं धरली.

आत्तींनी ती घेतली, कमरेला बांधली, गाठ ओढून बघितली. मग जयाबाईंनी पातेल्याचे कान धरले, तशा आत्ती पुढं झाल्या आणि हातानं थांबवलं.

“थांब जरा. दिपाली, लिही गं. नंबर सात, अक्काताई. जयाबाईच्या घरी, महादेवच्या हळदीला.”

मी लिहिलं. मग आम्ही तिघींनी मिळून पातेलं उचललं.